घरगाडीतून कोकण किनारा : गोळी वेळेवर, न्याहारी उशिरा

वडपे नाक्यावर राहणाऱ्या माणसाला प्रवासाचे अप्रूप नसते असे म्हणतात. वडपे ते गोंदे हा नाशिककडे जाणारा सुमारे १०० किलोमीटरचा चौपदरी रस्ता आमच्या दारातूनच सुरू होतो. गोदामांच्या रांगा, रात्रभर चालणारे कंटेनर आणि पहाटे चहाच्या टपरीवर डोळे चोळत उभे असलेले ड्रायव्हर हे आमचे रोजचे दृश्य. पण वाहने बघत राहणे वेगळे आणि वाहनातच राहणे वेगळे. गेल्या हिवाळ्यात आम्ही पाच मित्रांनी आठवडाभर ‘घरगाडी’त मुक्काम केला, आणि दवाखान्यात बसून जे मी इतरांना वर्षानुवर्षे सांगत आलो, ते स्वतः किती सहज विसरतो हे मला कळून चुकले. आजचा लेख त्याच अनुभवावर आहे.

घरगाडी म्हणजे मोटारहोम किंवा कॅराव्हॅन. टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर झोपायचे बाक, लहानसा ओटा, गॅसची शेगडी, छोटा फ्रीज आणि कोपऱ्यात शौचालय. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हापासून अशा गाड्या भाड्याने घेण्याकडे आपल्याकडील लोकांचेही लक्ष वळले आहे.

आमच्या पाचांची ओळख करून देतो. मास्तर, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, बारा वर्षांपासून मधुमेह. शेठ, गोदामांच्या व्यवसायातले, रक्तदाबाची गोळी ‘आठवली तर’ घेणारे. दादा, यंत्रमागवाले, प्रकृती ठणठणीत, निदान त्यांच्या मते. भाऊ, एसटीचे निवृत्त चालक, म्हणून गाडीचे चाक त्यांच्या हाती. आणि पाचवा मी, म्हणजे ‘डॉक्टर बरोबर आहे, मग काळजी कशाला’ या समजुतीचे मूळ. सर्वजण साठीच्या आसपासचे.

बोट लागली की साखर उतरली?

शनिवारी पहाटे पाचला वडप्याहून निघालो. ठाणे, पनवेल, अलिबाग, रेवदंडा करीत काशीदच्या वाळूत थोडे चाललो आणि संध्याकाळी मुरूडला एका घरगुती निवासाच्या अंगणात गाडी लावली. मास्तरांचा शनिवारचा उपवास होता. दिवसभर दोन केळी आणि थोडे दाणे यांवर त्यांनी काढले. रात्री उपवास सोडला तोही नावापुरता, कारण प्रवासाने भूक मेली होती.

रविवारी सकाळी साडेसातला मास्तरांनी नेहमीप्रमाणे मधुमेहाची गोळी घेतली. न्याहारी खाडीपलीकडे दिघीला करायची असे ठरले होते. आगरदांडा धक्क्यावर पोहोचलो तर फेरीबोटीसाठी गाड्यांची रांग. सुट्टीचा दिवस, रांग हलेना. एक तास गेला, दीड तास गेला. अखेर गाडी बोटीवर चढली तेव्हा मास्तर गप्प झाले होते. जो माणसाला बोलायला लावतो तोच गप्प. मग एकदम चिडून म्हणाले, “मला उतरवा, माझी शाळेची वेळ झाली.” आम्ही हसलो. शेठ म्हणाले, “डॉक्टर, मास्तरांना बोट लागली वाटतं.”

खरे सांगतो, क्षणभर मलाही तेच वाटले. पण राजापुरीच्या खाडीचे पाणी त्या सकाळी थाळीतल्या पाण्यासारखे स्थिर होते. अशा पाण्यात बोट कशी लागेल? मी मास्तरांच्या कपाळाला हात लावला. घामाने चिंब आणि गार. हात थरथरत होते. मग लक्षात आले. गोळी पोटात गेली होती, अन्न गेले नव्हते.

साखर मोजण्याचे यंत्र होते, पण ते सामानाच्या तळाशी, मागच्या डिकीत. ते शोधण्यात वेळ न घालवता ओट्यावरचा साखरेचा डबा घेतला आणि तीन चमचे साखर अर्ध्या पेल्यात ढवळून मास्तरांना पाजली. ते शुद्धीवर होते, गिळू शकत होते, म्हणूनच पाजली. भाऊंनी तोवर यंत्र शोधून आणले. आकडा आला ४८. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहिले, ७६. मास्तरांनी चष्मा पुसला आणि विचारले, “काय झालं? तुम्ही सगळे माझ्याकडे का बघताय?”

दिघीला उतरल्यावर प्रथम त्यांना पोटभर पोहे आणि केळे खायला घातले. प्रसंग तिथेच संपला असे तुम्हाला वाटेल. मास्तरांनाही तसेच वाटले. परंतु दुपारी साडेतीनला, दिवेआगरला, यंत्राने पुन्हा ६६ दाखवले. तोपर्यंत आम्ही दर दोन तासांनी तपासत होतो म्हणून ते कळले. त्या रात्रीची गोळी मी थांबवली आणि झोपण्यापूर्वी पुन्हा साखर पाहिली.

हे का घडले?

मधुमेहाच्या सर्वच गोळ्या सारख्या नसतात. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडतात. पोटात अन्न आहे की नाही हे त्या विचारीत नाहीत. अन्न आले नाही तर रक्तातली असलेली साखर संपत जाते. त्यात आदल्या दिवशीचा उपवास आणि वाळूतले चालणे, म्हणजे शिल्लकही कमीच. शिवाय या गोळ्यांचा परिणाम बराच काळ टिकतो, म्हणून एकदा सावरलेली साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते. अशा रुग्णावर पुढचे २४ तास लक्ष ठेवावे लागते.

रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की ती कमी समजावी. लक्षणे अशी : गार घाम, थरथर, छातीत धडधड, एकाएकी कडकडून भूक, नजर अंधुक होणे, चिडचिड आणि असंबद्ध बोलणे. यातली शेवटची दोन सर्वांत फसवी. असा माणूस दारू प्यायला आहे, रागावला आहे किंवा त्याला गाडी लागली आहे असे इतरांना वाटते. आणि त्याला स्वतःला काहीच कळत नसते. मदत शेजाऱ्यानेच करायची असते.

उपाय साधा आहे. साखर, ग्लुकोज पावडर किंवा गूळ, साधारण १५ ग्रॅम, म्हणजे साखरेचे तीन चमचे. पंधरा मिनिटे थांबा, पुन्हा तपासा, आकडा वर आला नसेल तर तेवढीच साखर पुन्हा द्या. बरे वाटल्यावर पोळी, भात, पोहे असे काही खायला द्या. चॉकलेट किंवा पेढ्यावर अवलंबून राहू नका, त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा मिसळते. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. त्याला कुशीवर वळवा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. चाकावर बसलेल्या माणसाची साखर उतरली असेल तर ती पूर्ववत झाल्यावरही निदान पाऊण तास त्याने गाडी चालवू नये. मेंदू भानावर यायला आकड्यापेक्षा जास्त वेळ घेतो.

जे इन्सुलिन घेतात त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत काही वेळातच भट्टी होते आणि इन्सुलिन निकामी होते. न उघडलेली कुपी २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावी, पण बर्फाला टेकवू नये, कारण गोठलेले इन्सुलिनही वाया जाते. फ्रीजचा भरवसा नसेल तर आपल्या आजीची युक्ती उपयोगी पडते. मातीच्या मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडके, त्यात डबीबंद कुपी, वर ओले फडके. वाळू ओली राहिली तर आत चांगला गारवा राहतो.

हर्णैची सुरमई

सोमवारी बागमांडल्याहून वेसवीला दुसरी फेरीबोट. केळशी, आंजर्ले करीत संध्याकाळी हर्णै बंदरावर आलो. तिथला मासळीचा लिलाव पाहण्यासारखा असतो. दादांनी उत्साहाने एक चांगली सुरमई घेतली आणि फ्रीजमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी, दाभोळची खाडी ओलांडून गुहागरला आल्यावर ती बाहेर काढली तर कोमट. गाडीचे इंजिन बंद असताना फ्रीज जादा बॅटरीवर चालायचा आणि ती बॅटरी रात्रीच उतरली होती.

“वास काही नाही. चांगली खरपूस तळू, सगळे जंतू मरतील,” दादांचे म्हणणे.

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. सुरमई, बांगडा, कुपा या जातीच्या माशांत हिस्टिडिन नावाचे द्रव्य भरपूर असते. मासा गार ठेवला नाही तर जंतू त्यापासून हिस्टामिन तयार करतात. जंतू तळल्याने मरतात, पण तयार झालेले हिस्टामिन तळून, उकडून, कशानेही जात नाही. असा मासा खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, डोके ठणकते, अंगावर गांधी उठतात, धडधड आणि जुलाब होतात. लोक म्हणतात मासळीची ॲलर्जी झाली. पुष्कळदा ती ॲलर्जी नसते, बर्फाची काटकसर असते. मासळी बाजारात बर्फ मागून घ्या आणि बर्फ नसेल तर मासळी त्याच वेळी शिजवा.

सुरमई खड्ड्यात गेली. दादा तासभर बोलले नाहीत.

शेगडी आत घेऊ नका

त्या रात्री मासळीऐवजी अंगणात कोळशाच्या शेगडीवर वांगी आणि बटाटे भाजले. दहाच्या सुमारास वारा सुटला, दव पडू लागले. आम्ही आत शिरलो, डासांसाठी खिडक्या लावून घेतल्या. तेवढ्यात शेठ धगधगती शेगडी फडक्याने धरून पायरीवर आले. “आत ठेवू. ऊबही राहील, पहाटे चहालाही बरी.”

मी काही बोलण्याआधी भाऊंनी शेगडीवर बादलीभर पाणी ओतले. “एसटीत होतो तेव्हा शिकलोय शेठ, बंद गाडीत विस्तव घेऊन झोपायचं नाही.”

भाऊंनी त्या रात्री कदाचित पाच जीव वाचवले. कोळसा, लाकूड, गॅस, डिझेल अपुऱ्या हवेत जळले की कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जोडला जातो आणि शरीर आतून गुदमरते. आधी डोके दुखते, मळमळते, सुस्ती येते. प्रवासाचा शीण समजून माणूस आडवा होतो, तो उठत नाही. २०२४ च्या डिसेंबरात केरळमधील कोझिकोड जिल्ह्यात, वडकरा येथे, रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोघे जण मृतावस्थेत सापडले. जनित्राचा विषारी धूर आत शिरल्याचे तपासात आढळले.

म्हणून तीन नियम पक्के करा. झोपताना गाडीत कोणताही विस्तव नको, मग ती शेगडी असो वा गॅस. इंजिन किंवा जनित्र चालू ठेवून वातानुकूलन लावून झोपू नका. आणि दोन बाजूंच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवा, डासांसाठी जाळी लावा. एकाच वेळी सर्वांचे डोके दुखू लागले तर पित्ताची गोळी शोधू नका. दार उघडा, सर्वांना बाहेर काढा आणि दवाखाना गाठा.

सकाळी चपला-बूट झटकून घालायची सवयही या प्रवासात लागली. कोकणातला लाल विंचू जीवघेणा असू शकतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि असंख्य प्राण वाचले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण औषध उपलब्ध असले तरी वेळेवर दवाखान्यात पोहोचणे आपल्या हातात आहे. मांत्रिकाकडे वेळ घालवू नये, दंशाची जागा कापू-चोखू नये.

समुद्राशी सलगी नको

२०१६ च्या १ फेब्रुवारीला मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. कोकणाचा किनारा दिसायला सौम्य आहे, पण ओहोटीची खेच माणसाला न कळत आत नेते. पोहता येणारेही दमून बुडतात, कारण ते खेचेच्या विरुद्ध हातपाय मारतात. अशा वेळी किनाऱ्याला समांतर पोहत खेचेबाहेर यावे आणि मग काठाकडे वळावे. त्याहून उत्तम म्हणजे पाणी गुडघ्यापर्यंत आले की थांबावे आणि स्थानिक कोळी ‘नको’ म्हणाले तर पाण्यात पाऊलच घालू नये.

भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेब किनाऱ्यावर सर्वांना ठाऊक असतो. तिथीची पाऊणपट करावी, तितके वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेवर भरतीच्या वेळी जाऊ नये ते याचसाठी. आम्ही सोमवारी सकाळी मास्तरांच्या तोंडी हिशेबावर विसंबून ओहोटीला गेलो आणि कोरड्या पायांनी परत आलो. आदल्या दिवशी ज्यांना आपली शाळा सुटल्याचे आठवत नव्हते, त्यांनी पाऊणकी बिनचूक म्हटली, याचा मला आनंद वाटला.

पाय आणि झोप

बुधवारी तवसाळहून जयगड आणि पुढे गणपतीपुळे. परतीला मुंबई-गोवा महामार्गाने आलो. त्या दिवशी मी सहा तास एका जागी बसून राहिलो आणि माझेच घोटे सुजले. चार तासांहून अधिक काळ पाय लोंबते ठेवून बसले की पोटरीतील शिरांत रक्त साकळण्याचा धोका वाढतो. दर दीड-दोन तासांनी उतरून पाच मिनिटे चालावे. उतरणे शक्य नसेल तर बसल्या जागी टाचा आणि चवडे आळीपाळीने उचलावेत. लघवीला थांबावे लागेल म्हणून पाणी कमी पिण्याची खोड वाईट. एकाच पोटरीला सूज आली आणि ती दुखू लागली, किंवा प्रवासानंतर अचानक दम लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

भाऊंचा नियम मात्र मोडला नाही. सलग दोन तासांपेक्षा जास्त चाक नाही, रात्री दहानंतर गाडी नाही, आणि गाडी लागण्याची किंवा सर्दीची गुंगी आणणारी गोळी चालकाने घ्यायची नाही. ते म्हणाले, “डोळा मिटतो तेव्हा माणसाला कळत नाही. उघडतो तेव्हाच कळतं, उघडला तर.”

निघण्यापूर्वी एवढे करा

१. रोजच्या औषधांचा दुप्पट साठा दोन वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. एक पिशवी हाताशी असावी.

२. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन ताट समोर आल्यावरच घ्या. घड्याळाकडे पाहून नव्हे. प्रवासाच्या दिवशी उपवास करायचा असेल तर मात्रेबद्दल आधी डॉक्टरांना विचारा.

३. साखर मोजण्याचे यंत्र, साखरेची पुडी आणि बिस्किटे खिशात किंवा समोरच्या कप्प्यात असावीत.

४. रक्तदाबाच्या रुग्णांनी सोडे, सुकट, सुके बोंबील आणि पापड यांवर ताव मारू नये. त्यांत मीठ फार असते.

५. आजार, औषधे आणि घरचा फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी प्रत्येकाच्या खिशात असावी आणि बरोबरच्यांनी ती वाचलेली असावी.

आमच्या नाक्यावरच्या घरगाड्या

शुक्रवारी रात्री वडप्याला परतलो. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पहिला रुग्ण आला तो एक ट्रकचालक. क्लीनर त्याला धरून आणत होता. घाम, थरथर, अडखळते बोलणे. क्लीनरला वाटले, रात्रीची उतरली नाही. मी विचारले, “साखरेची गोळी घेतोस का?” तो कसाबसा म्हणाला, “सकाळीच घेतली साहेब. जेवण इगतपुरीला करू म्हटलं.”

साखरेचे पाणी पाजताना माझ्या मनात आले, आम्ही हौसेने आठवडाभर घरगाडीत राहिलो आणि त्याचे कौतुक सांगत फिरतो आहोत. पण आमच्या नाक्यावर शेकडो माणसे वर्षभर गाडीतच राहतात. तिथेच झोपतात, तिथेच स्टोव्ह पेटवतात, तिथेच गोळी गिळतात. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेला मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ सालचा होता. दिवसाला आठ तास काम, आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती असे त्यात लिहिले होते. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये आमण्यापर्यंत खुला झाला, माल आणखी वेगाने येऊ लागला. माणसाचे शरीर मात्र पूर्वीच्याच वेगाने चालते. त्याला वेळेवर अन्न, पाणी आणि झोप लागते.

गोदाममालकांना एक विनंती आहे. शेठने ती आपल्या गोदामात अमलात आणलीही आहे. माल उतरेपर्यंत चालकाला तासन्‌तास रांगेत उभे राहावे लागते. त्याला पिण्याचे पाणी, शौचालय आणि पाठ टेकायला सावली द्या. आणि गेटवरच्या रखवालदाराजवळ एक साखरेचा डबा ठेवा. त्याला फार खर्च येत नाही.

त्या चालकाला तासाभराने हुशारी आली. समोरच्या खानावळीतून झुणका-भाकर मागवून त्याला माझ्यासमोर जेवायला बसवले आणि पाऊण तासाच्या आत चाकाला हात लावायचा नाही असे बजावले. पुढचा दिवसभर साखर तपासत राहायला सांगितले आणि क्लीनरलाही सारे समजावले. मास्तर तेव्हा आपली साखर दाखवायला आले होते. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “बाबा रे, आधी घास, मग गोळी. मी नापास होऊन शिकलोय.”